नेतृत्व चांगले, हे कशावरून ओळखावे?

प्रश्न : बचत गट किंवा ग्रामसभेचे नेतृत्व चांगले आहे, याची पारख कशी करावी?

उत्तर : नेता गैरहजर असताना बैठक भरते का, हिशेब लागतो का आणि निर्णय होतो का, यावर नेतृत्वाची खरी पारख होते. भाषण, दरारा, ओळखीपाळखी या गोष्टी दुय्यम.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव याचे ठळक उदाहरण आहे. नेते म्हणून देवाजी तोफा हे तिथले सर्वपरिचित नाव. पण निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात. बहुमत पुरेसे मानले जात नाही. एखाद्याचा विरोध कायम असला, तर विषयावर पुन्हा चर्चा होते. पद्धत वेळखाऊ खरी. मात्र झालेला निर्णय मोडायला कोणी उरत नाही. जोडीला अभ्यासगट. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या सोबतीने गावकरी तिथे कायदे आणि जंगल समजून घेत गेले. माहिती एकाच्या खिशात राहिली नाही, हे इथले सर्वांत मोठे काम म्हणावे लागेल. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

बचत गटात तपासणी सोपी असते. पासबुक, इतिवृत्ताची वही आणि बँकेतली ये-जा वर्षानुवर्षे अध्यक्षांकडेच असेल, तर बाकीच्या सदस्या फक्त हप्ता भरणाऱ्या ठरतात. पुढच्या बैठकीत हिशेब दुसऱ्या सदस्येला वाचायला द्यावा.