कान्हेरीच्या पाण्याची गोष्ट : ॲनिमेशन लघुपटापूर्वीचा अभ्यास

आपल्या देशात ॲनिमेशनचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते मुंबईत, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. डिस्नेच्या चित्रपटांसाठी काम केलेले चित्रकार क्लेअर वीक्स १९५६ च्या सुमारास तेथे प्रशिक्षक म्हणून आले. पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू मानले गेलेले राम मोहन यांची जडणघडणही याच विभागात झाली. या प्रशिक्षणातून १९५७ साली ‘द बनियन डिअर’ हा लघुपट तयार झाला. त्याचा विषय होता निग्रोधमृग जातक. गाभण हरिणीच्या वाट्याला आलेले मरण स्वतःवर घेण्यास निघालेल्या मृगराजाची ही कथा. बुद्धविचारातील करुणा या माध्यमाच्या पायाशीच होती, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते.

त्याच १९५७ साली परमपूज्य बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. वृद्ध, रोगी आणि मृत मनुष्य पाहून सिद्धार्थांनी गृहत्याग केला, ही रूढ कथा बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच तपासली. एकोणतीस वर्षांच्या तरुणाला तोवर असे काहीच दिसले नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला कलह त्यांनी परिव्रज्येच्या मुळाशी मांडला. सांस्कृतिक विषयावर ॲनिमेशन लघुपट करू इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिली चित्राचे सामर्थ्य दाखवते. दुसरी शिकवते की कथा कितीही प्रिय असली तरी ती रंगवण्यापूर्वी तपासली पाहिजे.

विषय कोणता निवडावा

आम्ही विद्यार्थ्यांपुढे सुचवतो तो विषय आहे कान्हेरीचे पाणी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बेसॉल्टच्या डोंगरात कोरलेली शंभराहून अधिक लेणी आहेत. प्राचीन लेखांत या डोंगराचे नाव कण्हगिरी, म्हणजे कृष्णगिरी, असे येते. इसवी सनाच्या आरंभकाळापासून जवळजवळ हजार वर्षे येथे भिक्षुसंघाचे वास्तव्य होते. पावसाळ्याचे चार महिने कोसळणारे आणि उरलेले आठ महिने न मिळणारे पाणी हा या वास्तव्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्याचे उत्तर आजही खडकात दिसते. लेण्यांच्या माथ्यावरून कोरत आणलेल्या पन्हळी, लेण्यांलगतची टाकी आणि टाक्यांची लहान चौकोनी तोंडे ही ती व्यवस्था होय. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ असा शब्द आहे.

या पोढ्या कोणी दिल्या? कान्हेरीतील लेखांचा सविस्तर अभ्यास डॉ. शोभना गोखले यांनी केला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. कान्हेरीच्या लेखांत कल्याण, सोपारा, चौल, नाशिक या गावांची नावे वारंवार येतात. दात्यांत व्यापारी आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत, गृहिणी आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. त्याच गावच्या एका लोहाराने वाट करून दिली. राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्या आपल्या मुलांना हा लोहार ठाऊक असावा, एवढ्या एका कारणासाठीही हा लघुपट व्हायला हवा.

तीन शाईंची वही

संशोधनासाठी प्रत्येक गटाने एक वही ठेवावी आणि तीत तीन शाई वापराव्यात. निळ्या शाईने पुरावा लिहावा : जे शिलालेखात, शिल्पात वा खडकात प्रत्यक्ष आहे. हिरव्या शाईने अनुमान लिहावे : जे पुराव्यावरून संभवते. लाल शाईने कल्पना लिहावी : जे केवळ आपल्या कथेसाठी आपण घातले. लोहाराने वाट दिली, हे निळे. ती वाट खडकात पायऱ्या खोदून केली असावी, हे हिरवे. त्याची लहान मुलगी छिन्नी घेऊन त्याच्यासोबत होती, हे लाल. लाल शाई वर्ज्य नाही. तिच्यावाचून कथा उभी राहत नाही. मात्र लाल मजकूर निळ्या शाईत उतरवला गेला की तेथे इतिहास संपतो.

ही शिस्त आम्ही आग्रहाने मांडतो, कारण चित्राने मनात बसलेली समजूत सहजी निघत नाही. देशातील कितीतरी लेण्यांना लोक ‘पांडवलेणी’ म्हणत आले. अंधेरीची कोंडिविटे लेणी बौद्ध असूनही ‘महाकाली’ याच नावाने ओळखली जातात. आपला वारसा दुसऱ्यांच्या नावाने सांगितला गेला, ही आपली रास्त तक्रार आहे. म्हणूनच तो स्वतः सांगताना पुराव्याला आपल्या बाजूने वाकवण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

चित्रातील काळाचे भान

समजा, तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाचे खोदकाम दाखवायचे आहे. हे काम यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातले. व्हरांड्यातील सुमारे सात मीटर उंचीच्या दोन बुद्धमूर्ती पाहून मुले त्या त्याच दृश्यात काढतील. पण या मूर्ती काही शतकांनंतरच्या आहेत. चैत्यगृहात उपासनेचे केंद्र होता तो स्तूप. दात्यांचे वेश आणि अलंकार काढताना त्याच चैत्याच्या दर्शनी भिंतीवरील दाम्पत्यशिल्पे समोर ठेवावीत. दूरदर्शन मालिकांतील पोशाख नकोत. लेख कोरताना अक्षरे ब्राह्मी आणि भाषा प्राकृत असावी. भिक्षापात्रात मिरची वा टोमॅटो नको, कारण ही पिके पोर्तुगीजांच्या आगमनानंतर आपल्याकडे आली. पार्श्वभूमीला गुलमोहरही नको. तो मूळचा मादागास्करचा.

शैलीसाठी परदेशी नमुन्यांकडे धावण्याची गरज नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ जपला आहे. चित्रामागून चित्र पुढे करीत, गात गोष्ट सांगण्याची ती रीत आपल्या लघुपटाला जवळची आहे. उद्यानातील पाड्यांवर वारली समाज राहतो. त्यांची रेखा वापरायची असेल तर त्यांच्यातील कलावंत सोबत घ्यावा, त्याचे नाव श्रेयनामावलीत द्यावे आणि मोबदलाही द्यावा. आपली कहाणी परस्पर सांगितली गेल्याचे दुःख भोगलेल्या समाजाने दुसऱ्याची रेखा परस्पर उचलू नये.

कामाचा आराखडा

चार मिनिटांच्या पटात २४० सेकंद असतात. सेकंदाला १२ चित्रे धरली तरी २,८८० चित्रे लागतात. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकी ९६. शाळेला हे झेपणारे नाही. त्याऐवजी जाड कागदाच्या सुट्या सांध्यांच्या आकृत्या कापून, त्या थोड्या थोड्या सरकवत वरून छायाचित्रे घेतली तर चारपाच डझन आकृत्यांत काम भागते. कॅमेरा म्हणून मोबाइल पुरतो; तो हलू नये म्हणून पक्की घडवंची आणि दिवसभर एकसारखा उजेड हवा. दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ करताना आगपेटीतल्या काड्या याच रीतीने हलवल्या होत्या.

पहिली भेट पावसाळ्यात घ्यावी, कारण पन्हळींतून पाणी कसे उतरते ते तेव्हाच कळते. दुसरी उन्हाळ्यात, टाक्यांत काय उरते ते पाहण्यासाठी. सोमवारी लेणी बंद असतात. चित्रीकरण करायचे तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते. रेखाटनाला वही-पेन्सिल पुरेशी आहे. त्यानंतर दोन पानांची संहिता, मग चौकटीचौकटींची चित्रपट्टी आणि तिच्यावर शिक्षक-पालकांची चर्चा. चित्रपट्टीवर एक दुपार वाद झाला तर पुढचे दोन महिने वाचतात.

शेवटची चौकट

खरी कसोटी शेवटी लागते. सोनाराच्या पोढीवर सगळ्या जातींची माणसे ओंजळीने पाणी पीत आहेत, असे दृश्य काढण्याचा मोह आपल्याला होणारच. लेखात दात्याचे नाव आहे, दान आहे. तेथे कोण प्यायले ते लिहिलेले नाही. म्हणून ते दृश्य लाल शाईचे आहे आणि तसेच ते प्रेक्षकाला कळले पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने घेतलेले पाणी मात्र निळ्या शाईचे आहे. त्याला कल्पनेची जोड लागत नाही. रोहिणी, कान्हेरी आणि चवदार तळे ही तीन पाणी एका पटात आणता येतील. ती एकाच धाग्यात ओवलेली होती, असा दावा मात्र करू नये. तीन चौकटी दाखवाव्यात आणि प्रश्न प्रेक्षकावर सोपवावा.

कान्हेरीच्या एका लेखात मंगलठाण गावातील शेताच्या दानाचा उल्लेख आहे. ते गाव म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. आपली मुले त्या नावाच्या मेट्रो स्थानकावरून रोज ये-जा करतात. माजी विद्यार्थ्यांपैकी जे चित्रकार, ध्वनिमुद्रक, संगणकतज्ज्ञ वा पाली-प्राकृताचे अभ्यासक आहेत, त्यांनी वर्षातले चार रविवार या कामाला द्यावेत. पालकांनी मुलांना कान्हेरीला न्यावे ते सहलीचा डबा घेऊन, आणि सोबत एक कोरी वही व तीन रंगांची पेने घेऊन.