गोळी कुणी दिली, कधी दिली, किती दिली?

माझे वडील, अण्णा, साताऱ्याला माझ्या भावाकडे राहतात. वय चौऱ्याहत्तर. बीपी आणि शुगर बऱ्याच वर्षांपासूनची, दोन्ही गुडघे दुखरे, पण माणूस हिंडता-फिरता. एका वर्षी गौरी-गणपतीला नेहमीप्रमाणे पुण्या-मुंबईची सगळी मंडळी घरी जमली होती. येतानाच दोघा-तिघांना सर्दी होती. गौरी-विसर्जन होईपर्यंत निम्मं घर तापाने झोपलं. तरुण मंडळी लवकरच उठून कामाला लागली. अण्णांचा ताप उतरला, पण अण्णा काही उठेनात.

उलट ते गुंगीत राहू लागले. विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायचे. मग आईच्या लक्षात आलं की सकाळपासून त्यांना लघवीच झालेली नाही. तडक दवाखान्यात नेलं. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन खूप वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम मंदावलं होतं. तिथल्या डॉक्टरबाईंनी एकच गोष्ट सांगितली, "गेल्या चार दिवसांत यांच्या पोटात गेलेलं प्रत्येक औषध एका पिशवीत घालून इथे घेऊन या."

पिशवी आली आणि टेबलावर पाकिटं मांडली गेली. वहिनी तापासाठी दर सहा तासांनी ६५० ची पॅरासिटामॉलची गोळी देत होती. भावाने मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली होती, ती दिवसातून तीनदा. आई त्यांची गुडघ्यांची नेहमीची गोळी सकाळ-संध्याकाळ देत होती. पूर्वी एका डॉक्टरांनी लिहून दिलेली ती गोळी पुढे चिठ्ठीशिवायच आणली जात होती. बीपीची आणि शुगरची गोळी अण्णा स्वतः न चुकता घेत होते.

डॉक्टरबाईंनी पेनाने तीन पाकिटांवरच्या एकाच शब्दाभोवती गोल केला. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल होतं, सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं आणि गुडघ्यांच्या गोळीत ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामकाच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं. बेरीज करून पाहा : ६५० च्या चार गोळ्यांचे २६००, सर्दीच्या तीन गोळ्यांचे १५००, गुडघ्यांच्या दोन गोळ्यांचे ६५०. दिवसाला ४७५० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढ माणसाला चोवीस तासांत ४००० मिलिग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, आणि वयस्कर, कमी वजनाच्या किंवा नियमित दारू घेणाऱ्या माणसासाठी डॉक्टर ही मर्यादा आणखी खाली ठेवतात.

मूत्रपिंडांचं दुखणं मात्र पॅरासिटामॉलमुळे नव्हतं, ते गुडघ्यांच्या गोळीतल्या ॲसिक्लोफिनॅकमुळे उद्भवलं होतं. हे आम्हाला समजेल अशा भाषेत डॉक्टरबाईंनी सांगितलं. मूत्रपिंडात रक्त गाळलं जायचं तर तिथे पुरेसा दाब लागतो. तापात अण्णांनी पाणी कमी प्यायलं होतं, खाणं जवळपास नव्हतं. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक होता, त्याने शरीरातलं पाणी आणखी कमी झालं. टाकीत पाणी कमी, टाकीकडे येणारा नळ वेदनाशामक गोळीने आवळलेला आणि बाहेर जाणारा नळ बीपीच्या गोळीतल्या दुसऱ्या घटकाने सैल सोडलेला, अशी मूत्रपिंडांची अवस्था झाली होती. त्यात सर्दीच्या गोळीतल्या ॲलर्जीविरोधी घटकाने गुंगी आणली. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी हाच घटक अडवूनही धरू शकतो.

वेदनाशामक आणि सर्दीची गोळी बंद झाली, सलाईन लागलं, बीपीची आणि शुगरची औषधं डॉक्टरांनी काही काळ बदलली. यकृताची तपासणी झाली, ते सुदैवाने सुखरूप निघालं. अण्णा हळूहळू पूर्ववत झाले. पण त्या टेबलावर मला जे दिसलं, ते प्रत्येक घराला सांगावंसं वाटतं. त्या पिशवीत अनोळखी, भयंकर असं एकही औषध नव्हतं. प्रत्येक गोळी कुणीतरी मायेनेच दिली होती. देणारे हात चार होते आणि सगळ्यांचा मिळून हिशेब एकाकडेही नव्हता. साध्या तापात घरोघरी असंच घडतं. म्हणून पुढच्या गोष्टी मनापासून सांगते.

पाकिटावरचं घटकाचं नाव वाचा

क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही नावं वेगळी असली तरी औषध एकच, पॅरासिटामॉल. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत आणि अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत तेच मिसळलेलं असतं. एका वेळी घरात पॅरासिटामॉल असलेलं एकच औषध चालू ठेवावं. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर हवं. जास्त मात्रेचा धोका असा की पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, थोडी मळमळ होते इतकंच, आणि आत यकृताला इजा होत राहते. त्यावर उतारा आहे, पण तो आठ तासांच्या आत सुरू झाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे जास्त गोळ्या गेल्याची शंका आली तर लक्षणांची वाट पाहू नका, लगेच रुग्णालय गाठा.

कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या तर त्या घेऊ नका. ज्या गोळीवर नाव नाही, तिच्यात काय आहे हे पुढच्या डॉक्टरांना कसं कळणार? पाकीट मागा, बिल मागा.

आजारपणाचा एक कागद ठेवा

घरात कुणी आजारी पडलं की फ्रिजच्या दारावर एक कागद लावा. त्यावर औषधाचं नाव, वेळ, मात्रा आणि देणाऱ्याचं नाव लिहा. नेहमीची औषधं आधी वर लिहून ठेवा, कारण घोटाळा बहुधा नेहमीच्या आणि नव्या औषधांच्या जोडीत होतो. औषध देण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या, इतरांनी त्याला विचारल्याशिवाय काही देऊ नये. दवाखान्यात जाताना हाच कागद न्या.

बीपी, शुगर, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या माणसाला वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक ही सगळी एकाच कुळातली. सर्दीच्या गोळीतला नाक मोकळं करणारा घटक बीपी वाढवू शकतो. ताप, उलट्या किंवा जुलाब असताना नेहमीची औषधं तशीच घ्यायची की बदलायची, हेही फोन करून विचारा. आपल्या मनाने त्यातलं काही बंद करू नका.

पावसाळ्यात आणि त्यानंतर आपल्याकडे डेंग्यूचा धोका असतो. ताप कशाचा आहे हे कळेपर्यंत फक्त पॅरासिटामॉलवर राहा. डेंग्यूत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मुलांची मात्रा वजनावर ठरते

पॅरासिटामॉलची मात्रा मुलाच्या किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम अशी मोजतात. दहा किलोच्या बाळाला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे ३ मिली होतात. पण तान्ह्या बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, तिथे तेवढ्याच मात्रेला दीड मिली पुरतं. थेंबांचं औषध सिरप समजून चमचाभर दिलं, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे तिपटीहून जास्त जातं. म्हणून बाटलीवर '५ मिलीत किती' की '१ मिलीत किती' हे आधी पाहा. स्वयंपाकघरातला चमचा मापाचा नसतो, बाटलीबरोबर आलेलं टोपण किंवा ड्रॉपरच वापरा. थोरल्याचं उरलेलं औषध धाकट्याला देऊ नका.

सर्दी-खोकल्याच्या सिरपबद्दल फार सावध राहा. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित सिरपने लहान मुलांचे जीव गेले. त्यातल्या कित्येक मुलांना उपचारांसाठी आपल्या नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं रसायन सापडलं. आई-बापांनी घरी बसून भेसळ ओळखणं शक्य नाही. साध्या सर्दीला सिरपच न देणं हे मात्र आपल्या हातात आहे. मुलांची बहुतेक सर्दी आपोआप बरी होते. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, भरपूर द्रवपदार्थ आणि विश्रांती पुरते. एक वर्षाच्या वरच्या मुलाला रात्री चमचाभर मध चालतो, एक वर्षाच्या आत मध मुळीच नको. कापूर लागलेली किंवा कापूर असलेली वस्तू मुलाच्या तोंडाशी जाऊ देऊ नका, कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. मुलांच्या तापावर ॲस्पिरिन नको आणि बारा वर्षांखाली निमेसुलाइडवर आपल्या देशात बंदी आहे.

अँटिबायोटिक मागू नका

सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात आणि अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. पाकिटाच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. डॉक्टरांनी दिलं तर सांगितलेले दिवस पूर्ण करा आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या तापासाठी जपून ठेवू नका.

मुळात फ्लू घरात शिरू नये म्हणून

आपल्याकडे फ्लूचे दोन हंगाम असतात. एक जानेवारी ते मार्च, दुसरा ऑगस्ट ते ऑक्टोबर. दुसऱ्या हंगामात गणपती, नवरात्र, घरोघरची गर्दी येते. ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या तपासणीच्या रांगा आणि बंद झालेल्या शाळा पुणेकर विसरलेले नाहीत. तो विषाणू आता नेहमीच्या फ्लूंपैकीच एक झाला आहे आणि दरवर्षीच्या लशीत त्याचा समावेश असतो.

विषाणू रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा पावसाळ्याच्या तोंडाशीच ती घेतलेली बरी. सहा महिन्यांवरच्या कुणालाही ती देता येते. वयस्कर माणसं, गर्भवती, दमा, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण आणि त्यांची देखभाल करणारे यांनी ती चुकवू नये. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच लस द्यायची असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. या इंजेक्शनमुळे फ्लू होत नाही, त्यात जिवंत विषाणू नसतो. एखादा दिवस दंड दुखेल, थोडी कणकण येईल.

फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना तो देऊ शकतो. म्हणून ताप असताना समारंभाला जाऊ नका आणि कुणी आलं नाही तर रागावू नका. आजारी माणसाला वेगळी खोली किंवा निदान वेगळा कोपरा द्या, खिडकी उघडी ठेवा. जवळ जाणाऱ्याने आणि आजाऱ्याने मास्क लावावा, साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फ्लूची लक्षणं दिसली तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. फ्लूवरचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सर्वाधिक उपयोगी पडतं आणि ते द्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतात.

वाट पाहू नये अशी लक्षणं

धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली जाणं, बोलण्यात गोंधळ, जास्त झोप, लघवी खूप कमी होणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं. मुलांमध्ये श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणं, दूध-पाणी न पिणं, सुस्त पडून राहणं. यातलं एकही दिसलं तर रात्र असो की सण, रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. म्हाताऱ्या माणसाची गुंगी 'अशक्तपणा असेल' म्हणून सोडून देऊ नका.

इतकं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. दुकानदार, शेजारी, नातलग, अगदी डॉक्टरही नवी गोळी हातात देतील तेव्हा एवढं जरूर विचारा : "यात काय आहे, आणि मी आधीपासून घेतोय त्या औषधांबरोबर हे चालेल का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. प्रत्येक घरातल्या थोरामोठ्यांनी तो स्वतः विचारावा आणि मुलांनाही विचारायला शिकवावं.