शेवटची पायरी आधी

वेरूळचे १६ क्रमांकाचे कैलास लेणे आठव्या शतकात कळसाकडून पायथ्याकडे कोरले गेले. बौद्धिक दिव्यांग मुलांना (पूर्वी त्यांना मतिमंद म्हणत) शिकवताना मीही असाच उलटा जातो.

गुंडी लावणे आपल्याला एकच काम वाटते. वास्तविक गुंडी धरणे, काजात घालणे, पलीकडून पकडणे व ओढून घेणे अशी त्यात चार कामे आहेत. पहिली तीन आपण करावीत, शेवटचे मुलाला द्यावे. काम पुरे केल्याचा आनंद त्याला रोज मिळतो. ते जमले की शेवटची दोन, मग तीन सोपवावीत. यास कधी आठवडे, कधी महिने लागतात. घाईत आईने लावलेली गुंडी उद्या आई नसताना कोण लावणार?

माझा एक विद्यार्थी गुंडी जमल्यापासून प्रत्येक पाहुण्याचा सदरा तपासतो. तपासणीस आलेल्या साहेबांची सुटलेली गुंडीही त्याने लावून दिली. साहेब हसले, तोही हसला.

पालकहो, मुलाबरोबर जरूर हसा, मुलाला हसू नका. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना २०१६ च्या कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तोही जरूर घ्या.