चाळिशीनंतरचे वजन : आधी ताट, जोडीला चालणे



जळकोट परिसरात पूर्वी नांगरट, कुळवणी बैलांमागे चालून होत असे. आता ट्रॅक्टर व मोटारसायकल आली. कष्ट घटले, भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या. चाळिशीनंतर पोट सुटते ते बहुधा यामुळेच. त्यातून मधुमेह व रक्तदाबाचा धोका वाढतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार जड कष्टाच्या पुरुषास रोज सुमारे ३,४७० कॅलरी लागतात, बैठ्या कामास २,११०. स्त्रियांसाठी हे आकडे २,७२० व १,६६० आहेत.

तासभर झपझप चालल्यास सुमारे २५० कॅलरी खर्च होतात. मूठभर शेंगदाणे व दोन कप गोड चहा घेतला की त्या परत येतात. म्हणून वजन उतरवण्यासाठी आधी आहार आवरावा. उतरलेले वजन टिकवण्यास व स्नायू राखण्यास व्यायाम हवाच.

काय करावे?

१) जेवणात एक भाकरी कमी करून उसळ, पालेभाजी, ताक वाढवावे.

२) तेल मोजून वापरावे. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, ज्वारीच्या पिठात साडेतीनच्या आत.

३) चहातील साखर निम्मी करावी.

४) शेताकडे पायी जावे. रोज किमान अर्धा तास चालावे.

५) सुगीत कष्टाप्रमाणे आहार वाढवावा, सुगी संपताच पूर्ववत करावा.

कमरेचा घेर दरमहा मोजा. पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सें.मी.पेक्षा जास्त भरल्यास तपासणी करून घ्या. मधुमेहाची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारूनच आहार कमी करा.