कारागिराच्या मागे काय उरते?
जुन्या इंग्लंडमधील कारागिरांची वारशाची रीत

जमीनदाराच्या मागे जमीन उरते, सावकाराच्या मागे तिजोरी उरते. कारागिराचे तसे नसते. त्याचे भांडवल कच्च्या मालात अडकलेले, माल अर्धवट तयार, पैसा गिऱ्हाइकांकडे उधारीवर, आणि खरी मिळकत म्हणजे हातातले हुन्नर. ते तर मालकाबरोबर कबरीत जाते. मग बायकामुलांच्या हाती काय लागते? सोळाव्या आणि सतराव्या शतकातील इंग्लंडच्या कारागिरांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी तो कसा सोडवला आणि कोठे ते फसले, हे आपल्या धंदेवाईक बांधवांनी जाणून घेण्यासारखे आहे.

आधी यादी, मग वाटणी

१५२९ च्या कायद्याने मृताच्या चीजवस्तूंची यादी करणे आवश्यक ठरले. शेजारचे किंवा त्याच धंद्यातले दोन-चार जाणते लोक घरी येत. भांडीकुंडी, हत्यारे, कच्चा माल, तयार माल व येणे असलेली उधारी यांची किंमत ते ठरवत. जमीन या यादीत येत नसे. ही यादी चर्चच्या न्यायालयात दाखल होई, कारण मृत्युपत्राचे काम तेव्हा तेथेच चाले. वाटणीपूर्वी दफनाचा खर्च व देणी भागवली जात.

स्ट्रॅटफर्ड गावात १५९२ साली हेन्री फील्ड नावाचा कातडी कमावणारा कारागीर वारला. त्याच्या मालाची किंमत करणाऱ्यांमध्ये जॉन शेक्सपियर होता. हा हातमोजे शिवणारा कारागीर, प्रसिद्ध नाटककार विल्यम शेक्सपियरचा बाप. चामड्याची किंमत चामड्यात हात घातलेल्या माणसालाच कळणार, हे उघड आहे. अशा हजारो याद्या आजही इंग्लंडच्या दप्तरखान्यांत जपून ठेवलेल्या आहेत.

कोणाला किती?

जमिनीचा कायदा वेगळा आणि जंगम मालाचा वेगळा होता. मृत्युपत्र नसेल तर जमीन व घर साधारणपणे थोरल्या मुलाकडे जाई. केंट परगण्यात मात्र सर्व मुलगे समान वाटेकरी असत. जमीन मृत्युपत्राने देण्याची मोकळीक १५४० च्या कायद्याने मिळाली. विधवेला नवऱ्याच्या मालकीच्या जमिनीच्या एक तृतीयांश भागाचे उत्पन्न हयातभर घेण्याचा हक्क होता.

जंगम मालाबाबत लंडन शहराची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. शहराचा नागरिक असलेल्या कारागिराच्या मालाचे तीन सारखे भाग होत. एक विधवेचा, एक मुलांचा, आणि तिसरा ‘मरणाऱ्याचा भाग’. त्याचे मृत्युपत्र या तिसऱ्या भागापुरतेच चाले. वसीयत एक तृतीयांशापलीकडे जाऊ नये हा नियम आपल्याला परिचित आहे. लंडनच्या रीतीचा उगम निराळा होता आणि तेथे मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा असे. परंतु घरच्यांचा हक्क मरणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये, हा विचार त्यामागेही होता. यॉर्क प्रांत व वेल्समध्येही अशीच रीत होती. १६९२ ते १७२४ या काळातील कायद्यांनी ती मोडली आणि मृत्युपत्र करणाऱ्याला पूर्ण मोकळीक मिळाली. मृत्युपत्र न करता कोणी वारला तर १६७० च्या कायद्याप्रमाणे जंगम मालाचा एक तृतीयांश विधवेला व उरलेला मुलांना समान मिळे.

खरा वारसा हयातीतच

कायद्यातले वाटे ही अर्धीच गोष्ट झाली. कारागीर आपला वारसा बहुतेक जिवंतपणीच देऊन टाकी. १५६३ च्या कायद्याप्रमाणे धंदा करण्यासाठी सात वर्षे उस्तादाकडे शागिर्दी करावी लागे. मुलाला चांगल्या उस्तादाकडे ठेवणे हाच त्याचा वाटा. मुलीला लग्नाच्या वेळी रोख रक्कम व घरातील सामान मिळे. लंडनमध्ये नागरिकाच्या मुलाला बापाच्या नात्यानेही नागरिकत्व व धंद्याचा हक्क मिळत असे.

लंडनच्या रीतीत एक शहाणपणाची तरतूद होती. ज्या मुलाला बापाने हयातीत रक्कम दिली असेल, त्याला मुलांच्या भागात वाटा हवा असल्यास ती रक्कम हिशेबात धरावी लागे. त्यामुळे दुकान थाटून मिळालेला भाऊ आणि काहीच न मिळालेला भाऊ एका पंक्तीत बसत नसत. अर्थात त्यासाठी बापाने कोणाला काय दिले याची नोंद हवी.

विधवा आणि दुकान

नवरा हयात असेपर्यंत इंग्लंडच्या कायद्यात पत्नीचा जंगम माल नवऱ्याचा समजला जाई. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचे कायदे १८७० व १८८२ साली आले, तेव्हा कोठे हे बदलले. परंतु विधवेची स्थिती निराळी होती. अनेक कारागीर पत्नीलाच मृत्युपत्राची अंमलबजावणी सोपवत. बऱ्याच धंद्यांत कारागिरांच्या संघाच्या परवानगीने ती दुकान चालवू शके व शागीर्द ठेवू शके.

वर उल्लेख केलेल्या हेन्री फील्डचा मुलगा रिचर्ड १५७९ साली छपाईची शागिर्दी करण्यास लंडनला गेला. तेथे तो टॉमस व्होट्रोलिए या मुद्रकाकडे काम शिकला. १५८७ साली व्होट्रोलिए वारला. १५८९ साली रिचर्डने त्याची विधवा जॅकलिन हिच्याशी लग्न केले आणि तो छापखान्याचा मालक झाला. १५८६ च्या सरकारी हुकुमाने छापखान्यांच्या संख्येवर मर्यादा आली होती, म्हणून चालू छापखाना ही मोठीच मिळकत होती. १५९३ साली विल्यम शेक्सपियरचे पहिले काव्य याच रिचर्डने छापले.

अशा लग्नात एक धोका असे. विधवेचा माल दुसऱ्या नवऱ्याकडे जाई आणि पहिल्या नवऱ्याची मुले उघडी पडत. म्हणून शहाणे कारागीर मृत्युपत्रात प्रत्येक मुलाचा वाटा रकमेसह लिहीत. शहाण्या विधवाही लग्नाआधी मुलांच्या रकमेबाबत लेखी करार करून घेत.

बहिणीच्या डोक्यावर छप्पर

जॉन शेक्सपियर १६०१ साली वारला. त्याचे घर थोरला मुलगा विल्यम याच्याकडे आले. बहीण जोन हिचे लग्न टोप्या बनवणाऱ्या विल्यम हार्टशी झाले होते. एप्रिल १६१६ मध्ये हार्ट वारला आणि काही दिवसांतच विल्यम शेक्सपियरही गेला. परंतु विल्यमने मार्चमध्येच मृत्युपत्र करून ठेवले होते. बहिणीला वीस पौंड, आपले कपडे, आणि वर्षाला फक्त बारा पेनी भाड्याने बापाच्या घरात हयातभर राहण्याचा हक्क त्याने लिहून दिला. तिच्या तीन मुलांना प्रत्येकी पाच पौंड ठेवले. घराची मालकी मात्र थोरल्या मुलीला दिली. जोन पुढे तीस वर्षे, १६४६ पर्यंत जगली. तिच्या वंशजांकडे ते घर १८०६ पर्यंत होते. मृत्युपत्रातील एका कलमाने कारागिराच्या विधवेला निवारा मिळाला.

यतीमांचा पैसा बुडाला

आता फसलेली बाजू. लंडनमध्ये मृत नागरिकांच्या अज्ञान मुलांच्या वाट्यावर शहराच्या न्यायालयाची देखरेख असे. बरीच रक्कम शहराच्या खजिन्यात जमा होई व तिच्यावर व्याज मिळे. पण नगरपालिका आपला खर्च त्याच पैशांतून भागवू लागली. १६८३ साली खजिन्याने हात वर केले. १६९४ साली पार्लमेंटला खास कायदा करून कोळसा, दारू वगैरेंवरील करांतून या देण्याची सोय लावावी लागली. तोवर कित्येक यतीम लग्नाच्या किंवा धंदा सुरू करण्याच्या वयात रिकाम्या हाताने उभे होते. यतीमाचा पैसा सांभाळणाऱ्याने तो स्वतःच्या गरजेला वापरला की काय होते, याचा हा दाखला.

आपण काय घ्यावे?

त्या काळचे बहुतेक लोक मृत्युपत्र मरणशय्येवरच करत. तोंडी बोलणेही चाले, आणि त्यातून भांडणे होत. शेवटी १६७७ च्या कायद्याने तीस पौंडांवरील तोंडी मृत्युपत्रास तीन साक्षीदार आवश्यक केले.

आपले वाटे ठरलेले आहेत म्हणून आपण निश्चिंत असतो. पण वाटे ठरलेले असले तरी कशाचे वाटे करायचे हे कोण सांगणार? कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे, दुकानाची पागडी कोणाच्या नावावर, यंत्र कोणत्या भावाच्या पैशाचे, थोरल्याला धंद्यासाठी किती दिले, हे घरातल्या किती जणांना ठाऊक असते? हेन्री फील्डच्या मालाची यादी शेजाऱ्यांनी त्याच्या मृत्यूनंतर केली. आपण ती हयातीतच, आपल्या हाताने, एका वहीत करून ठेवावी, दरवर्षी तपासावी आणि ती कोठे आहे हे घरात सांगून ठेवावे. कारागिराने बायकामुलांसाठी शिवलेले ते शेवटचे वस्त्र होय.