‘थांबू या’ म्हणण्यापूर्वी

आपल्या स्मरणिकेसाठी ‘बालकांच्या मेंदूविकासातील नवे संशोधन’ या विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा जनुके आणि मेंदूची चित्रणे यांची माहिती संकलित करून द्यावी, असे प्रथम मनात आले. परंतु लिहायला बसलो आणि एक जुना केसपेपर आठवला. संशोधन पुष्कळ होते; प्रश्न ते बालकापर्यंत पोहोचण्याचा आहे. त्या केसपेपरात ते माझ्याच टेबलापर्यंत येऊन अडले होते. म्हणून त्यापासूनच आरंभ करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सुमारे वीस वर्षांपूर्वी वडगाव भागातील एका विणकर कुटुंबातील वीस महिन्यांचा मुलगा बूस्टर लशीसाठी माझ्याकडे आला होता. वजन, उंची, चालणे सर्व व्यवस्थित. आई संकोचत म्हणाली, “डॉक्टर, हा अजून ‘आई’ म्हणत नाही. हाक मारली तर बघत नाही. मागाच्या रिकाम्या कांड्या ओळीने मांडत बसतो.” आजी लगेच म्हणाल्या, “ह्याचा बापसुद्धा उशिराच बोलला की हो!” बाहेर रुग्णांची रांग होती. मी हसून म्हणालो, “मुलगे जरा उशिरा बोलतात. थांबू या.”

तो मुलगा पुन्हा आला तो साडेचार वर्षांचा होऊन, शाळेने प्रवेश नाकारल्यावर. त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम होता. आईने तीन वर्षांपूर्वी जे सांगितले होते, तेच या विकाराचे वर्णन होते. ते तिने ओळखले होते. मी ओळखले नव्हते. तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, याची बोच अधिक आहे.

मेंदूचे वेळापत्रक

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन व्हीजेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. आयुष्याच्या आरंभीच्या काळात एक डोळा झाकून ठेवला, तर पुढे तो उघडल्यावरही मेंदूतील दृष्टिकेंद्र त्याचे संदेश नीट स्वीकारत नाही, असे त्यांना आढळले. डोळा निरोगी होता. मेंदूने मात्र त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकली होती. १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज जन्मजात मोतीबिंदू आपण पहिल्या काही आठवड्यांतच काढण्याचा आग्रह धरतो, त्यामागे हेच ज्ञान आहे. प्रयोगशाळेतील शोध बालकाच्या डोळ्यापर्यंत पोहोचला, तो असा.

श्रवणाचेही तसेच. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाययोजना, हे सूत्र आता जगन्मान्य आहे. जन्मजात थायरॉइडच्या कमतरतेत तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू केली, की बौद्धिक हानी बव्हंशी टळते.

भाषा आणि सामाजिक वर्तन यांच्या बाबतीत मात्र ठरावीक दिवशी दार बंद होते, असे समजू नये. चार, सात, दहा वर्षांच्या मुलातही मेंदू शिकत असतो. पालकांना “उशीर झाला” असे सांगून हताश करणे, हे “थांबू या” म्हणण्याइतकेच अशास्त्रीय आहे.

आपल्या दाराशी असलेले आकडे

हा विषय दुर्मीळ आजारांचा नाही. ‘इनक्लेन’ या संस्थेच्या पुढाकाराने भारतात पाच ठिकाणी घरोघरी पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा ही ती ठिकाणे. यांपैकी शेवटची दोन मराठी माणसाला परकी नाहीत. स्वमग्नता, अपस्मार, मेंदूचा पक्षाघात, श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता आदी विकारांपैकी किमान एक विकार दोन ते सहा वर्षांखालील ९.२ टक्के बालकांत आढळला. सहा ते नऊ वर्षांच्या गटात अतिचंचलता व अध्ययन अक्षमता हे विकारही मोजले गेले. तेथे हे प्रमाण १३.६ टक्के होते. जन्मतः श्वास घेण्यात अडचण, अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे बाळ, नवजात काळातील आजार, खुंटलेली वाढ यांच्याशी या विकारांचा संबंध दिसला. यांतील पुष्कळशा गोष्टी चांगल्या प्रसूतिसेवेने व पोषणाने कमी करता येण्याजोग्या आहेत.

गोव्यातील धडा

“निदान करून काय करणार? उपचार देणारे तज्ज्ञ आहेत कोठे?” असा प्रश्न सहव्यवसायी नेहमी विचारतात. त्याला एक उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात शोधले गेले.

ब्रिटनमध्ये ‘पॅक्ट’ नावाची एक पद्धती विकसित झाली होती. तीत थेरपिस्ट मुलाला शिकवीत नाही; आई-वडील व मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण करून ते पालकांसमवेत पाहिले जाते. मुलाने कोठे पाहिले, काय मागितले, आपण त्या क्षणी काय केले, हे पालक स्वतःच ओळखायला शिकतात. गोव्यातील ‘संगात’ ही संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधक यांनी ही पद्धती आपल्या परिस्थितीला जुळवून घेतली. नाव ठेवले ‘पास’. महत्त्वाचा बदल हा, की बारा सत्रांचे हे काम तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित सामान्य आरोग्य कार्यकर्त्यांनी केले. ६५ बालकांचा हा अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’मध्ये प्रसिद्ध झाला. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाशी अधिक जुळू लागला आणि मुले स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागली. एका बाबतीत, म्हणजे दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याच्या काळात, अपेक्षेच्या उलट घट दिसली. तीही संशोधकांनी नोंदविली. अभ्यास लहान होता. तरीही तज्ज्ञ नाहीत म्हणून हात जोडून बसण्याचे कारण नाही, एवढे त्याने दाखवून दिले.

घरची भाषा

आता त्या मुलाकडे परत येतो. दरम्यानच्या काळात कोणीतरी त्या आईला सांगितले होते, “घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी, पोर गोंधळले आहे. त्याच्याशी फक्त इंग्रजीतच बोला.” आईला इंग्रजी जेमतेम येई. तिने पाठ केलेली दहा-पंधरा वाक्ये ती बोले आणि एरवी गप्प राही. ज्या बालकाला संवादाची सर्वाधिक गरज, त्याच्याशी घरातले बोलणेच थांबले होते. अंगाई नाही, गोष्ट नाही, ‘इकडे ये रे राजा’ नाही.

सीमाभागातील, किंबहुना बडोदे, इंदूर, हैदराबाद येथील मराठी घरांतही हा सल्ला आजही दिला जातो. कॅनडासारख्या बहुभाषिक देशांत झालेल्या अभ्यासांत, दोन भाषा ऐकणारी स्वमग्न बालके एकच भाषा ऐकणाऱ्या स्वमग्न बालकांपेक्षा भाषेत मागे पडल्याचे आढळलेले नाही. ज्या भाषेत आई सहज हसते, रागावते, गाते, तीच त्या बालकाची पहिली चिकित्सा होय. ती काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आपल्या टेबलावर काय करता येईल?

पहिली गोष्ट, लसीकरणाच्या भेटीचा उपयोग. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत देतात. विकासाची चाचणी घ्यावयास याहून सोयीची वेळ नाही. अमेरिकन बालरोग अकादमी १८ व २४ महिन्यांना स्वमग्नतेसाठी स्वतंत्र चाचणी सुचविते. एम-चॅट या प्रश्नावलीत अवघे वीस प्रश्न आहेत. प्रतीक्षा करताना पालक ते भरू शकतात.

दुसरी, धोक्याच्या खुणा. बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा हावभाव नाही, हाकेला प्रतिसाद नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्दांचे वाक्य नाही. आणि कोणत्याही वयात आलेले शब्द वा हसणे-बघणे गेले, तर थांबू नये. बोलण्यात उशीर असलेल्या प्रत्येक बालकाची श्रवणचाचणी करावी. टाळीला दचकतो म्हणजे ऐकू येते, हे गृहीत धरू नये. पक्के निदान होईपर्यंत मदत थोपवून धरण्याचेही कारण नाही.

तिसरी, हक्कांची माहिती. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ अक्षमता मान्य केल्या. स्वमग्नता व अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा देते. हे एका कागदावर छापून पालकांच्या हाती द्यावे. आपले दोन मिनिटे जातात, त्यांच्या कित्येक खेपा वाचतात.

चौथी, फसवणुकीपासून रक्षण. लशीने स्वमग्नता होते, असे सुचविणारा १९९८ चा लेख २०१० साली मागे घेतला गेला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, साडेसहा लाखांहून अधिक बालकांच्या डॅनिश अभ्यासात असा संबंध आढळला नाही. मूलपेशींच्या महागड्या इंजेक्शनांसाठी दागिने विकणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे रक्तमूलपेशींचे रोपण वगळता इतर वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करता येत नाही. पालकांना हे आपण स्पष्ट सांगितले नाही, तर दुसरे कोण सांगणार?

शेवटी

त्या आईला मी पुन्हा मराठीत बोलायला सांगितले, तेव्हा तिने विचारले, “म्हणजे मी अंगाई म्हटली तर चालेल?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला क्षणभर लागला.

तो मुलगा आज बाविशीचा आहे. मोजकी वाक्ये बोलतो, सर्व मराठीत. वडिलांबरोबर मागावर बसून कांड्या नीट लावून देतो. आधी ओळखले असते तर किती फरक पडला असता, हे मला सांगता येणार नाही, आणि सांगता येत नाही हेच माझे शल्य आहे.

आपल्या मंडळातील प्रत्येक सदस्याने, मग तो कोणत्याही शाखेचा असो, एवढेच ठरवावे: आई “काहीतरी वेगळे वाटते” असे म्हणाली, तर तो तपासणीचा पहिला निष्कर्ष मानावा. ‘थांबू या’ म्हणण्यापूर्वी वीस प्रश्न विचारावेत. संशोधन बालकापर्यंत नेणारा शेवटचा पूल आपले टेबलच आहे.