नाबोथाचा मळा आणि बटाट्याचे शेत

वाचन : १ राजे २१:१-१६, याकोब २:१-७, लूक १८:१-८



अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. ते वाडवडिलांचे वतन असल्याने नाबोथाने तो दिला नाही. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण तिच्यातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ईजबेल राणीने मळ्यावर सैनिक पाठवले नाहीत. तिने राजाची मोहोर लावून पत्रे लिहिली, गावच्या वडीलजनांना बसवले, दोन खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथाला रीतसर दोषी ठरवून घेतले. सगळे सोपस्कार पूर्ण झाले. न्याय मात्र झाला नाही.

पुढे संत याकोबही आपल्या वाचकांना हेच विचारतो की, तुम्हांला न्यायासनासमोर ओढून नेतात ते कोण? श्रीमंतच ना?

आजचे उदाहरण

एप्रिल २०१९ मध्ये पेप्सिको इंडिया या कंपनीने उत्तर गुजरातमधील चार शेतकऱ्यांवर अहमदाबादच्या न्यायालयात दावे लावले. चिप्ससाठी लागणाऱ्या बटाट्याचे एक वाण कंपनीने आपल्या नावे नोंदवले होते. ते परवानगीवाचून लावले म्हणून प्रत्येकाकडून एक कोटीहून अधिक रुपयांची भरपाई मागितली. कंपनीने खोटे साक्षीदार आणले असे आम्ही म्हणत नाही. तिची नोंदणी खरी होती.

पण आपल्या देशात २००१ सालचा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. त्याचे कलम ३९ सांगते की, नोंदवलेल्या वाणाचे बी शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. फक्त ब्रँडचे नाव लावून बियाणे विकता येत नाही. म्हणजे कायद्याने शेतकऱ्याची बाजू आधीच घेतली होती. तरीही न्यायालयाचा अंतरिम मनाई हुकूम शेतकऱ्यांवर लागला. मग कंपनीने तडजोड सुचवली : आमचेच बियाणे घ्या आणि माल आम्हालाच द्या, नाहीतर हे वाण लावणे सोडा.

शेतकरी संघटना पाठीशी उभ्या राहिल्या, देशभर चर्चा झाली आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये संबंधित प्राधिकरणाने त्या वाणाची नोंदणी रद्द केली. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो निर्णय फिरवला. कलम ३९ मात्र जागेवरच राहिले.

विषमता कोठे आहे?

कायद्याच्या पुस्तकात दोघे समान आहेत. दारापर्यंत पोहोचताना ते समान राहत नाहीत. कंपनीला खटला हा धंद्यातला एक खर्च असतो. शेतकऱ्याला वकिलाची फी, प्रवास, बुडालेली मजुरी आणि कधी कधी आख्खा हंगाम द्यावा लागतो. निकाल लागण्यापूर्वीच त्याला शिक्षा होऊन जाते. म्हणून हक्क असूनही तो सही करतो.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात शिकवले की, श्रीमंतांपाशी स्वतःचे रक्षण करण्याची साधने असतात, म्हणून शासनाने गरिबांची विशेष काळजी घ्यावी. हा पक्षपात नव्हे. लेवीय १९:१५ मध्ये देवाने गरिबाची आणि थोराची, दोघांचीही तोंडदेखली बाजू घेण्यास मनाई केली आहे. तराजू सरळ धरण्यासाठी हलक्या पारड्याला आधार द्यावा लागतो, इतकेच.

आपण काय करावे?

नाबोथाच्या गावातले वडीलजन राजाला भिऊन गप्प बसले. गुजरातच्या शेतकऱ्यांच्या बाबतीत लोक बोलले. फरक तेथे पडला. आपल्याकडेही बँकेची, भूसंपादनाची किंवा कंपनीची नोटीस एखाद्या घरी येते आणि ते घर लाजेने दार लावून घेते. अशा वेळी :

१. न समजलेल्या कागदावर सही करू नये, करू देऊ नये.
२. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना व कमी उत्पन्न असणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो.
३. तारखेला त्या कुटुंबासोबत कोणीतरी जावे.

प्रभू येशूच्या दाखल्यातील विधवेजवळ पैसा नव्हता, ओळख नव्हती, चिकाटी होती. पण ती एकटी होती. आपल्या धर्मग्रामात कोणत्याही विधवेला न्यायाधीशाच्या दारी एकटे जावे लागू नये.

समूहात चर्चेसाठी

१. नाबोथाच्या गावचे वडीलजन वेगळे काय करू शकले असते?
२. आपल्या वाडीत सध्या कोणाला नोटीस आली आहे? त्यांच्याकडे कोण जाईल?

प्रार्थना : हे न्यायी पित्या, दुर्बळांच्या बाजूने बोलण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.